परवानगी मिळाली, खरेदी झाली आणि चौदा महिन्यांनी 'रद्द'चं पत्र आलं: एका फाईलची पूर्ण हकीकत

ऑगस्ट २०२३ मधली गोष्ट. पस्तिशीचा एक मुलगा माझ्या वकिलीच्या ऑफिसात आला, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत फाईल, आणि खुर्चीत नीट टेकायच्या आधीच विचारतो, "सर, दिलेली परवानगी परत काढून घेता येते का हो?" म्हटलं आधी पत्र दाखव, मग बोलू. गाव तालुका माणसं कोणाचंच नाव इथे घेणार नाही, ओळख पटेल असे एक-दोन तपशीलही बदललेत, पण कायद्याचा भाग जसाच्या तसा ठेवलाय.

पत्र अर्ध्या पानाचं. संदर्भात तीन गोष्टी, जुना परवानगी आदेश, कोणाचातरी तक्रार अर्ज आणि तलाठ्याचा अहवाल. खाली मजकूर एवढाच की अर्जदाराने उत्पन्नाची माहिती लपवल्याचे निदर्शनास आल्याने शेतजमीन खरेदीची परवानगी रद्द करण्यात येत आहे, आणि त्याला आधार म्हणून महसूल अधिनियमाचं कलम २५८ आणि जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम २१. सही नवीन प्रांतांची (म्हणजे उपविभागीय महसूल अधिकाऱ्यांची), ज्या प्रांतांनी परवानगी दिली होती ते केव्हाच बदलून गेलेले. प्रती तहसीलदार, तलाठी आणि दुय्यम निबंधक यांना. नोटीस नाही, सुनावणीची तारीख नाही, मुलाला पत्र पोस्टाने येईपर्यंत काही पत्ताच नव्हता, उलट सोसायटीत पीककर्जाचं विचारायला गेला तेव्हा सचिव म्हणाला तुमच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात काहीतरी शेरा आलाय, आधी ते निस्तरा.

आता मागची कथा. मुलगा शहरात कंपनीत होता, कोविडच्या वर्षात नोकरी गेली, वडील त्याच सुमारास वारले, त्यांची पीएफ-ग्रॅच्युइटी आईच्या आणि ह्याच्या खात्यात आली. ह्याच्या घरात तीन पिढ्यांत सातबारा नाही. बायकोचं माहेर पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावात, तिथे सासऱ्यांच्या ओळखीने दोन एकर जिराईत विकायला आहे असं कळलं आणि ह्याने ठरवलं शेती करायची. गावात लगेच बोलणं सुरू, जावई आला आणि खातेदार झाला.

शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण का येत नाही ते फार कमी जणांना माहीत असतं म्हणून सांगतो. १९४८ चा कुळवहिवाट कायदा, बोलण्यात कुळकायदा, त्याचं कलम ६३. बिगर शेतकऱ्याला विक्री, बक्षीस, अदलाबदल, भाडेपट्टा काहीही केलं तर ते वैध नाही, मात्र जिल्हाधिकाऱ्याने किंवा अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने परवानगी दिली तर चालतं, आणि परवानगी कुठल्या परिस्थितीत द्यायची ते १९५६ च्या नियमांत नियम ३६ मध्ये लिहिलेलं आहे. त्यात एक परिस्थिती अशी की घेणारा खरोखर शेतीचा धंदा पत्करणार आहे आणि जमीन स्वतः कसायला कबूल आहे. त्याला कलमातच एक अट जोडलेली, की शेतीसाठी घेणार असाल तर तुमचं शेतीशिवायचं उत्पन्न ठराविक मर्यादेच्या आत पाहिजे, आणि ती मर्यादा आजच्या हिशोबाने इतकी खाली आहे की नोकरीवाला माणूस त्यात बसतच नाही. हा मुलगा बसला कारण त्याच्याकडे तेव्हा नोकरीच नव्हती. (हे कलम ६३ जुन्या मुंबई राज्याच्या भागाला लागू, मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा आणि विदर्भात १९५८ चा वेगळा कायदा, कलमांचे नंबर वेगळे, त्यामुळे तिकडच्या लोकांनी हे नंबर उचलून अर्जात टाकू नयेत, तसे अर्ज मी पाहिलेत.)

अर्ज जून २०२१ ला दिला. सर्कलचा (मंडळ अधिकाऱ्याचा) अहवाल, तलाठ्याचा पंचनामा, विकणाऱ्याचा जबाब, ह्याचा जबाब, उत्पन्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, असं सगळं होऊन फेब्रुवारी २०२२ ला प्रांतांनी परवानगी दिली. अटी तीनच कामाच्या. एका वर्षात खरेदीखत करायचं, जमीन स्वतः कसायची, आणि माहिती खोटी आढळली तर परवानगी रद्द समजली जाईल. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत झालं, पैसे चेकने, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) निघाला, जुलैत फेरफार (महसूल दप्तरातली बदलाची नोंद) मंजूर, सातबाऱ्यावर नाव आलं. खरेदी ते पत्र चौदा महिने, परवानगी ते पत्र दीड वर्ष. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणारेत.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला लगेच दिलं नाही कारण प्रश्नच थोडा फसवा आहे. परवानगी म्हणजे काही दुकानाचं लायसन नाही की दरवर्षी चालू राहतं आणि साहेबांना वाटलं की बंद करतात. कलम ६३ ची परवानगी एका व्यवहारापुरती असते, तो व्यवहार नोंदला गेला की तिचं काम संपलं, वापरलेल्या एसटीच्या तिकिटासारखं. प्रवास झाल्यावर तिकीट रद्द करून काय मिळणार, माणूस तर घरी पोचलेला. मग खरेदीखत झाल्यावर जेव्हा ऑफिस म्हणतं परवानगी रद्द, तेव्हा त्यांना प्रत्यक्षात म्हणायचं असतं की तुमची खरेदीच अवैध, आणि खरेदी अवैध ठरवायची असेल तर त्याला त्याच कायद्यात वेगळा रस्ता आहे, कलम ८४क, ज्यात तहसीलदाराने नोटीस द्यायची, चौकशी करायची, दोन्ही बाजूंना ऐकायचं आणि मग ठरवायचं. अर्ध्या पानाचं पत्र म्हणजे त्या रस्त्यावरचा टोलनाका चुकवून शेतातून काढलेली वाट. माझं ह्या प्रकरणातलं सगळं म्हणणं हे एवढंच होतं, बाकी सगळं त्याला टेकू.

पण टेकूही नीट लावावे लागतात. पत्रात दोन कलमं टाकली होती, ती एकेक करून बघू.

कलम २५८ हे पुनर्विलोकनाचं कलम, म्हणजे अधिकाऱ्याने स्वतःचा किंवा आधीच्या अधिकाऱ्याचा आदेश परत तपासायचा. पण हे कलम महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ मधलं आणि ते त्या अधिनियमाखाली झालेल्या आदेशांना लागू. आपली परवानगी कुळकायद्याखालची. कुळकायद्यात जिल्हाधिकारी किंवा प्रांताला स्वतःचा आदेश परत उघडायचा असा अधिकार दिलेला नाही, आणि कायद्याने दिला नसेल तर पुनर्विलोकनाचा अधिकार आपोआप जन्माला येत नाही हे सुप्रीम कोर्टाने १९७० मध्येच पटेल नरशी ठाकरशी प्रकरणात सांगितलंय, आणि गंमत म्हणजे तेही सौराष्ट्रातल्या जमीन सुधारणा कायद्याचंच प्रकरण होतं. आता समजा वादापुरतं धरलं की २५८ लागू आहे, तरी त्यात लिहिलंय की जिल्हाधिकाऱ्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने पुनर्विलोकन करायचं तर आधी लगतच्या वरिष्ठाची मंजुरी घ्यायची, आणि संबंधितांना नोटीस देऊन ऐकल्याशिवाय आदेश बदलायचा नाही, आणि कारणंही मोजकी, नवा महत्त्वाचा पुरावा, आदेशात उघड दिसणारी चूक, किंवा तसंच पुरेसं कारण. पत्रात मंजुरीचा उल्लेख नाही, सुनावणीचा नाही. म्हणजे ज्या कलमाचा आधार घेतला तेच कलम पाळलं नाही. अशी चूक समोरच्याने केली की वकिलाला जरा बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

दुसरं, जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम २१. महाराष्ट्राचा १९०४ चा कायदा, त्यात असं आहे की ज्याला आदेश काढायचा अधिकार त्याला तो बदलायचा किंवा रद्द करायचाही अधिकार. सरकारी ऑफिसात हे कलम रामबाण औषधासारखं वापरतात, कुठलंही दुखणं असो, एकवीस लावा. पण २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने काँग्रेस पक्षाच्या नोंदणीच्या प्रकरणात स्पष्ट केलं की अर्धन्यायिक, म्हणजे कोर्टासारखं पुरावे तपासून दिलेल्या, आदेशांना कलम २१ लागत नाही. मग प्रश्न येतो की ६३ ची परवानगी अर्धन्यायिक की नुसती प्रशासकीय? इथे समोरची बाजू भांडू शकते आणि भांडलीच. माझं म्हणणं, अर्ज घेतला, जबाब घेतले, पंचनामा झाला, नियमातल्या अटींवर ते तपासलं आणि कारणं देऊन आदेश केला, तर त्याला अर्धन्यायिक नाही म्हणणार तर काय म्हणणार. पण मी मुलाला हेही सांगितलं की ह्या एका मुद्द्यावर घर बांधू नकोस. प्रशासकीय धरला तरी त्या आदेशावर विसंबून माणसाने पैसे मोजलेत आणि खरेदीखत केलंय, त्याला न ऐकता आदेश मागे घेणं टिकत नाही.

आता ज्या गोष्टीने मला खरी काळजी होती ती फसवणूक. खोटं बोलून मिळवलेला आदेश टिकत नाही, सुप्रीम कोर्टाचा १९९४ चा चेंगलवराय नायडूंचा निकाल त्यासाठी सगळीकडे दाखवतात, आणि ज्या अधिकाऱ्याला फसवून आदेश घेतला तो अधिकारी स्वतःच तो मागे घेऊ शकतो, तिथे पुनर्विलोकनाचं कलम आहे की नाही हे कोणी विचारत नाही. म्हणजे परवानगी रद्द करता येते का ह्याचं प्रामाणिक उत्तर 'नाही' असं नाहीये. मुलाने खरंच उत्पन्न लपवलं असेल तर माझे वरचे सगळे मुद्दे कोरडे पडतात. म्हणून त्याला समोर बसवून विचारलं, काय लपवलंस ते मला सांग, साहेबांना नंतर सांगू. तो म्हणाला काहीच नाही. सगळेच असं म्हणतात.

मग संपूर्ण फाईलच्या नकला मागवल्या. दोन आठवडे गेले, अव्वल कारकून आज फाईल साहेबांकडे आहे, उद्या रेकॉर्डला आहे, परवा शिपाई रजेवर आहे असं करत होता, शेवटी मिळाल्या. आणि नकला चाळताना दोन कागद असे सापडले की त्यांनीच केस उभी राहिली.

पहिला, अर्जाचं पान नंबर ११. छापील फॉर्ममध्ये दोन वेगळे रकाने. एकात अर्जदाराचं शेतीव्यतिरिक्त उत्पन्न, तिथे ह्याने लिहिलंय निरंक. दुसऱ्यात कुटुंबातील व्यक्ती व व्यवसाय, तिथे आईचं नाव, पुढे 'घरकाम', बायकोचं नाव आणि पुढे निळ्या शाईत 'नोकरी, खाजगी दवाखाना'. आणि त्या 'नोकरी' शब्दाखाली लाल पेन्सिलीने रेघ मारलेली. ती रेघ ह्याची नाही, ऑफिसातली आहे, म्हणजे परवानगी देताना कोणीतरी तो शब्द वाचला होता, त्यावर विचार केला होता आणि तरीही परवानगी दिली होती. तक्रारीतला मुख्य मुद्दा काय होता, तर बायको नोकरी करते हे लपवलं. अरे लपवलं कुठे, पान अकरावर लिहिलंय, तुमच्याच माणसाने अधोरेखित केलंय. शिवाय कलमात उत्पन्न मोजायचं ते ज्या व्यक्तीला जमीन विकली जातेय तिचं, बायकोचा पगार तिचा. आता कोणी म्हणेल कुटुंब एकच, पण कलमाचे शब्द तसे नाहीत आणि सवलत काढून घेताना शब्द ताणायचे नसतात. तक्रारीत दुसरा मुद्दा होता की उत्पन्न नाही तर जमीन घ्यायला पैसे आणले कुठून. हा प्रश्न ऐकायला बरोबर वाटतो पण भांडवल वेगळं आणि वार्षिक उत्पन्न वेगळं, वडिलांच्या पश्चात एकदाच आलेली रक्कम ही वार्षिक उत्पन्न होत नाही, आणि त्याचं बँक स्टेटमेंट अर्जासोबतच जोडलेलं होतं.

दुसरा कागद म्हणजे तक्रार अर्ज स्वतः. तक्रारदार कोण, तर विकणाऱ्याचा चुलत भाऊ. विकणारा स्वतः म्हातारा, तो काहीच बोलत नव्हता. मग मी मुलाला विचारलं की गावाजवळ मध्यंतरी काय झालं, तर म्हणे बायपासची आखणी झाली, रस्त्यालगतचे भाव वर गेले. लक्षात आलं. कलम ८४क मध्ये एक सोय आहे की व्यवहार बेकायदेशीर निघाला तर दोन्ही पक्षांना मुदत देऊन विचारतात, तीन महिन्यांत जमीन होती तशी परत करता का, केली तर व्यवहार अवैध ठरवत नाहीत, आणि नाही केली तर जमीन सरकारजमा. ह्याचा अर्थ घाबरलेला घेणारा जमीन जुन्या किमतीला परत देऊन मोकळा होतो, भाव वाढलेली जमीन विकणाऱ्याच्या घरात परत, तीही जुन्या पैशात. भाऊबंदांना कायदा कळत नाही असं समजू नका, त्यांना हवं तेवढं नेमकं कळतं. आणि पत्रापाठोपाठ तहसीलदारांची ८४क ची नोटीस पण आली, त्यात कारण एवढंच की परवानगी रद्द झालेली आहे सबब खुलासा करावा. म्हणजे पत्राच्या पायावर नोटीस आणि नोटिशीच्या भीतीने तडजोड, असं सगळं जुळत होतं.

इतकं सगळं हाताशी आल्यावर मला वाटलं चला, आता अर्ज लिहू. लिहायच्या आधी सवयीने त्याला एक प्रश्न विचारला, स्वतः कसतोस ना? हो म्हणाला, ई-पीक पाहणीचे फोटो दाखवले, सोयाबीन, नंतर हरभरा, ट्रॅक्टरवाल्याच्या पावत्या. म्हटलं पहिल्या वर्षीचं? तिथे तो गप्प. मग सांगितलं की खरेदी जूनमध्ये झाली, पेरणी डोक्यावर, ह्याच्याकडे ना अवजार ना अनुभव, शेजारच्या बांधावरच्या काकांना म्हणाला तुम्ही पेरा, निम्मा माल तुमचा. तोंडी, कागद नाही.

हा खरा काटा. कुळकायद्यात 'स्वतः कसणे' ह्याची व्याख्या आहे, कलम २ पोटकलम ६. स्वतःच्या कष्टाने, किंवा घरच्या माणसांच्या कष्टाने, किंवा स्वतःच्या देखरेखीखाली मजूर लावून, पण मजुराला द्यायचं ते पैशात किंवा धान्यात मजुरी म्हणून, पिकाचा वाटा म्हणून नाही. ट्रॅक्टर तासावर लावला चालतो, मजूर रोजाने लावले चालतात, अर्धलीने, म्हणजे निम्म्या वाट्याने, दिलं की स्वतः कसणं राहत नाही. आपल्याकडे गावोगाव अर्धलीने, बटईने शेती चालते, कोणाला त्यात वावगं वाटत नाही, पण ज्याच्या परवानगीतच 'स्वतः कसेन' ही अट आहे त्याने पहिल्याच हंगामात वाट्याने द्यावी म्हणजे काय म्हणावं. मी चिडलो थोडा. तो म्हणाला सर कोणी सांगितलंच नाही. हेही खरंच, आदेशात 'स्वतः कसण्याची अट' एवढंच लिहितात, वाट्याने दिलेली चालत नाही असं कोणी लिहीत नाही.

मग ठरवलं असं की हा मुद्दा आपण उकरायचा नाही, कारण पत्रात, तक्रारीत, तलाठ्याच्या अहवालात कुठेच तो नव्हता, पण कोणी शपथेवर विचारलं तर खोटं बोलायचं नाही, एक हंगाम झालं, कळल्यावर बंद केलं, त्यानंतर सगळं स्वतः, असं सरळ सांगायचं. अटीचा भंग वेगळा आणि फसवणूक वेगळी. फसवणूक म्हणजे परवानगी घेताना खोटं बोलणं. परवानगीनंतर अट मोडली तर त्याची चौकशी वेगळी करावी लागते, तिथेही नोटीस, तिथेही ऐकणं. दोन्ही एकत्र करून खिचडी झाली की कोर्टातही गोंधळ होतो.

कुठे जायचं हा पुढचा प्रश्न, आणि इथे लोक फार वेळ घालवतात. मुलगा आधी एका ओळखीच्यांकडे गेला होता, त्यांनी सांगितलेलं दिवाणी कोर्टात मनाई मागू. कुळकायद्याने जे प्रश्न महसूल यंत्रणेने ठरवायचे ते कलम ८५ ने दिवाणी कोर्टाला बंद आहेत, दावा टाकला असता तर समोरच्याने पहिल्याच तारखेला हेच दाखवलं असतं. दुसरा सल्ला, जिल्हाधिकाऱ्याकडे अपील. पण कुळकायद्याच्या व्याख्येतच जिल्हाधिकाऱ्याचे अधिकार वापरणारा उपजिल्हाधिकारी हा जिल्हाधिकारीच धरलाय, त्यामुळे ह्या कामात प्रांतांचा आदेश जिल्हाधिकाऱ्याचा आदेश, आणि त्याविरुद्ध कलम ७६ खाली महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरण, आपण एमआरटी म्हणतो ते. मुदत कलम ७९ ने साठ दिवस. नकलांसाठी फिरण्यात त्यातले बरेच गेलेले, म्हणून पूर्ण टाईप व्हायची वाट न बघता अर्ज दाखल केला, सोबत स्टेचा (तात्पुरत्या स्थगितीचा) अर्ज. तहसीलदारांना ८४क च्या नोटिशीला वेगळं उत्तर दिलं की ज्या पत्रावर ही नोटीस उभी आहे त्यालाच आव्हान दिलंय, तोवर थांबा, आणि कुठल्याही परिस्थितीत जमीन परत करण्याची हमी आम्ही देत नाही. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं. माणूस घाबरून तहसीलमध्ये सही करून येतो आणि मग सगळं संपतं.

एमआरटीत स्टे पहिल्याच तारखेला मिळाला. त्यानंतर तारखा. सरकारी बाजूने म्हणणं आलं त्यात नवीन कारणं जोडली, बायकोच्या पगाराबरोबर आता असंही की परवानगी मुळातच नियम ३६ मध्ये बसत नव्हती. ह्यावर जुनं आणि पक्कं उत्तर आहे, सुप्रीम कोर्टाचा मोहिंदर सिंग गिल निकाल, १९७८, आदेशात जी कारणं लिहिली तेवढ्यावरच तो आदेश तपासायचा, नंतर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणं शिवायची नाहीत.

परवानगी रद्द करायला उशीर केला हा मुदतीचा मुद्दाही मांडला, पण खरं सांगतो, फार जोर दिला नाही. १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने गुजरातच्या राघव नाथा प्रकरणात जिल्हाधिकाऱ्याने दिलेली बिगरशेती परवानगी आयुक्तांनी सव्वा वर्षाने रद्द केली ती उशिराची म्हणून टिकू दिली नाही, कायद्यात मुदत नसली तरी वाजवी वेळेतच अधिकार वापरायचा हे तिथून पक्कं झालं. ८४क बद्दलही वाजवी वेळेचं तेच तत्त्व मोहम्मद कवी प्रकरणात आलंय. पण २००९ च्या संतोषकुमार पाटील प्रकरणात, आपल्याच महसूल अधिनियमाच्या कलम २५७ (वरिष्ठाने हाताखालच्याचा आदेश तपासणं) बद्दल, साधारण तीन वर्षं ही वाजवी मुदत असं म्हटलंय. आपल्याकडे दीड वर्ष. समोरचा म्हणणार तीनच्या आत आहे, आपण म्हणणार सव्वा वर्षंही जास्त ठरलंय. शिवाय फसवणूक असेल तर मुदतीचं काही चालत नाही. बरेच वकील मुदतीच्या मुद्द्यावर पाच पानं खर्च करतात, मी दीड परिच्छेद केला आणि उरलेला वेळ पान अकराची नक्कल मोठी करून दाखवण्यात घालवला.

सुनावणीत सदस्यांनी सरकारी वकिलांना एकच प्रश्न दोनदा विचारला, ह्या माणसाला बोलावलं होतं का? रोजनामा (तारखेवार कामकाजाची नोंद) दाखवा. रोजनाम्यात काहीच नव्हतं, होती ती फक्त ऑफिसच्या टिपणीत एक ओळ, तक्रारीत तथ्य दिसून येते, आणि त्याखाली सही. तथ्य कशावरून दिसलं ते नाही.

निकाल २०२४ मध्ये आला. पूर्ण विजय म्हणता येणार नाही आणि मी तशी अपेक्षाही केली नव्हती. रद्दचं पत्र रद्द, कारण पुनर्विलोकनाचा अधिकार दाखवता आला नाही आणि ऐकून घेतलं नाही, मात्र फसवणूक झाल्याचं ठोस साहित्य असेल तर नोटीस देऊन, कागद देऊन, ऐकून कायद्याप्रमाणे कारवाई करायला ऑफिसला मोकळीक. मुलगा निराश झाला, म्हणाला म्हणजे परत पहिल्यापासून? मी म्हटलं नाही, पहिल्यापासून नाही, आधी तुझ्याकडे नुसतं पत्र आलं होतं, आता त्यांना तुझ्यासमोर बसून सांगावं लागेल काय खोटं आहे ते.

नोटीस आली, दोन महिन्यांनी, चार ओळींची. तोवर तिसरे प्रांत आलेले. मुद्दा तोच, पत्नीचे उत्पन्न लपवले. वाट्याचा उल्लेख कुठेच नाही. सुनावणीला आम्ही पान ११ ठेवलं, उत्पन्नाचा दाखला ठेवला, बँकेचं स्टेटमेंट ठेवलं. तक्रारदार चुलत भाऊ आला होता, त्याला साहेबांनी विचारलं हे 'नोकरी' लिहिलंय ते तुम्ही आधी बघितलं होतं का, तो म्हणाला मला काय माहीत साहेब, मला जे सांगितलं ते मी लिहिलं. कोणी सांगितलं ते साहेबांनी विचारलं नाही आणि मीही नाही. मुलाला शेवटी विचारलं, जमीन कोण कसतं? तो माझ्याकडे एकदा बघून म्हणाला, साहेब, पहिल्या खरिपाला शेजारच्यांना निम्म्याने दिली होती, मला माहीत नव्हतं, तेव्हापासून मी आणि बायको. मी खाली मान घालून बसलो. साहेबांनी ते लिहून घेतलं, ई-पीक पाहणीचे पुढचे हंगाम बघितले आणि पुढे गेले.

महिन्याभराने आदेश आला, तक्रार निकाली, माहिती लपवल्याचं सिद्ध होत नाही, एका हंगामाच्या अटभंगाबद्दल समज देण्यात येते, पुढे अट पाळावी. ८४क ची नोटीसही तहसीलदारांनी त्यावरून बंद केली.

सातबाऱ्यावरचा शेरा मात्र तसाच. आदेश घेऊन मुलगा गेला तर तलाठी भाऊसाहेब म्हणाले शेरा फेरफाराने आलाय, फेरफारानेच जाईल, आदेशाची साक्षांकित प्रत आणा, अर्ज करा, नोटिशीची मुदत जाऊ द्या, मग सर्कल मंजूर करतील. शेरा ओढायला एक पत्र पुरलं होतं, तेही त्याला न विचारता. काढायला चार महिने आणि सहा फेऱ्या लागल्या. त्या वर्षीचं पीककर्ज हुकलंच, पेरणी त्याने बायकोच्या पगारातून केली.